सात नंबरचा फोटो

अन्याय माझ्या काकीवर झाला. आणीबाणी उठल्यानंतरचा पहिला शिमगा सरला, त्याच्या नंतरच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी, नदीत भरतीचं पाणी चढत असताना झाला. त्या दिवशी माझ्या काकाचा दहावा होता. करणारे भिवंडीतलेच होते. शिकलेले, इस्त्रीचे कपडे घालणारे, नाक्यावर ज्यांना लोक बाजूला होऊन वाट देतात असे. त्यांची नावं मी लिहिली असती. काकी म्हणाली, "त्यांचं लिवशील तर माजं बी लिवावं लागल." म्हणून नावं नाहीत. तो घाट कुठला तेही मी लिहिणार नाही. का, ते पुढे कळेल.

आमच्यात रीत अशी आहे. दहाव्याला पुरुष घाटाच्या वरच्या अंगाला पिंड मांडून कावळ्याची वाट बघत बसतात आणि बायका खाली पाण्याशी उतरतात. तिथे जिचा नवरा गेला तिचं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या. हे करायला आधीच कपाळ पुसलेली एखादी म्हातारी असते. बाकीच्या बायका भोवती उभ्या राहून लुगड्यांचा आडोसा धरतात. पुरुषांनी त्या वेळी पाठ फिरवून बसायचं. मागे कुणी रडो, कुणी बेशुद्ध पडो, म्हातारीनं "झालं" म्हणेपर्यंत वळायचं नाही. आणि आडोसा धरायचा तो तीनच बाजूंनी. नदीकडची बाजू उघडी ठेवतात, कारण बसणारीचं तोंड वाहत्या पाण्याकडे असावं लागतं. पाण्याकडून येऊन येऊन येणार कोण? रेती काढणारे पडाववाले येतात. पण ते आपलेच. घाटावर दहावा दिसला की ते वल्हं उचलून धरतात, मान खाली घालतात आणि पाणी नेईल तसे निघून जातात.

ही रीत मला पटत नाही. कुंकू पुसणंच पटत नाही. काका गेला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी त्यावरून घरात भांडत होते, आणि बापानं मला सांगितलं होतं की तुझी पत्रकं तुझ्या गटात वाच, इथे नको. आमचा एक गट आहे पोरापोरींचा, नळाच्या पाण्यावर, लूमच्या ड्युटीवर, रेशनच्या रॉकेलवर आम्ही पत्रकं काढतो आणि मी ती लिहिते. तर भांडण होतं. पण ते माझं आणि माझ्या घरच्यांचं. त्यात लाँचनं घुसायचं काही कारण नव्हतं.

आधी गाणं ऐकू आलं. भोंग्यावर लावलेलं सिनेमाचं गाणं, पाण्यावरून येताना जरा तुटत तुटत. म्हातारीनं तोंड वर केलं आणि म्हणाली, "कोनाची वरात निगाली गो?" एकदोघी तशा वेळीही फिसकन हसल्या. मग वळणावरून लाँच आली. एरवी हीच लाँच रेतीचे पडाव ओढते. त्या दिवशी तिला झेंडूच्या माळा होत्या, वर कनात, कनातीखाली लोखंडी खुर्च्या, आणि खुर्च्यांवर आमच्या गावातली मोठी माणसं बायकामुलांसकट बसलेली. नदीवर सहल काढणाऱ्या मंडळाचा तो 'जलविहार' होता. बंदरातून निघायचं, भरतीच्या पाण्यावर वरपर्यंत जायचं, बटाटेवडे खायचे, ओहोटी लागली की परत.

माझ्या दोन्ही हातांत आईच्या हिरव्या लुगड्याची कड होती. ती सोडली असती तर जमिनीकडची बाजू उघडी पडली असती आणि तिकडे पुरुष होते. कुणालाच हात सोडता येईना. काकी खाली दगडावर बसलेली, तोंड नदीकडे, एका हातातल्या बांगड्या फुटलेल्या, दुसऱ्यातल्या अजून फुटायच्या, कपाळावर अर्धं कुंकू. लाँच आमच्या समोर आली आणि तिनं वेग कमी केला. हे मी आजही विसरत नाही. तिला जाता आलं असतं. ती थांबल्यासारखी झाली. काळा चष्मा लावलेल्या एका बाईनं आम्हाला हात हलवला. दुसऱ्या एकानं गळ्यातला कॅमेरा डोळ्याला लावला.

मी ओरडले, "ओ! तिकडं बघा! फोटो नको!"

गाण्यात ते काय ऐकू जाणार. वरच्या अंगाला माझा बाप बसला होता, काकाचा सख्खा भाऊ. त्याला भोंगा ऐकू आला, माझं ओरडणंही ऐकू आलं. तो वळला नाही. एकही पुरुष वळला नाही. रीत होती. घाटावर दांडगे दांडगे बाप्ये बसलेले, त्यातल्या एकानं उठून दगड भिरकावला असता तरी लाँच पळाली असती. पण सगळे कावळ्याकडे बघत बसले. बाप नंतर मला म्हणाला, "मला वाटलं, तू रडतीस."

काकी मात्र रडली नाही, मान खाली घातली नाही. तिनं थेट कॅमेऱ्याकडे बघितलं. मला तेव्हा वाटलं ती घाबरली असेल. नंतर तिनंच सांगितलं, "मी त्याचं थोबाड बघून ठेवत व्हती."

ते थोबाड आठवडाभरात आम्हाला परत दिसलं. धामणकर नाक्याला त्याचा फोटो स्टुडिओ होता.

मी गटाचं काम आटपून कामतघरला घरी चालत निघाले होते. नाक्यावर स्टुडिओच्या काचेपुढे ही गर्दी. मला वाटलं कुणा नटीचा फोटो लावला असेल. पुढे घुसले. काचेच्या आत काळ्या कागदावर ओळीनं नदीचे मोठे मोठे फोटो चिकटवलेले, प्रत्येकाखाली नंबर, आणि वर रंगीत अक्षरांत पाटी: 'काठ ओळखा! आपल्या नदीवरची ही ठिकाणं कोणती? अचूक ओळखणाऱ्यास बक्षीस.' खाली चिठ्ठ्या टाकायला पत्र्याचा डबा. बक्षीस म्हणून एक लाल थर्मास आत मांडलेला, त्याला रिबीन बांधलेली. एक नंबरला पूल होता. दोनला वाकलेला माड. तीनला कुणाचे तरी बैल पाण्यात. अशी सगळी चित्रं. सातव्या नंबरला माझी काकी होती.

अर्धं कुंकू दिसत होतं. काळ्यापांढऱ्या फोटोत ते काळं आलं होतं. तिच्या मागे आमचे सगळ्यांचे वर केलेले हात, आणि लुगड्याच्या कडेवरून माझा अर्धा चेहरा, तोंड उघडं.

माझ्या पुढ्यात दोन गृहस्थ उभे होते, शाळामास्तर असावेत, किंवा कचेरीतले.

"सात नंबर सोपा आहे हो. ही वसईकडची बाजू."

"छे छे. वसईकडं असा दगड आहे का? काळा पाषाण बघा. हे वरचं अंग. टेमघरच्या आसपास असणार."

"टेमघरला नदीत एवढं पाणी?"

"भरती आहे ना! अहो भूगोलशास्त्री, भरती विसरलात!" आणि दोघं हसले.

मी म्हटलं, "त्या बाईकडं बघा."

दोघांनी वळून माझ्याकडे बघितलं. मीच फोटोत आहे हे त्यांच्या लक्षात आलं नाही. एक जण मला समजावून सांगायला लागला, अगदी मायेनं. "बाईवर जाऊ नकोस, बाळ. बाई काय, कुठेही बसेल. बाईच्या मागे तो पार दिसतो ना, त्यावरून ओळखायचं. माणसं सोडून बघायचं, म्हणजे जागा कळते."

एखादा चावट काही बोलला असता तर मी त्याच्या कानाखाली वाजवली असती. हा माणूस चावट नव्हता. त्यानं चष्मा पुसून परत पाराकडे बघायला सुरुवात केली. त्या क्षणी मी मनात ठरवलं, ह्यांना सोडायचं नाही. मला ह्यांची माफी नको होती. मला ह्यांना चारचौघांत, काचेच्या आत, नंबर लावून उभं करायचं होतं.

मी घरी काही बोलायच्या आधीच काकीला कळलं होतं. काकी एका लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या शेडमध्ये, सुताच्या कांड्या भरायला जायची. काका गेल्यावर तिच्याकडे तेवढंच होतं, ते काम आणि कामावर जायची ती वाट. दहाव्यानंतर ती परत ड्युटीवर गेली तेव्हा तिथला मुकादम सगळ्यांसमोर म्हणाला, "आओ आओ, हीरोइन आई! नाके पे फोटो लगा है तुम्हारा, देखा क्या? अपने को भी एक कॉपी दिला दो." सगळं खातं हसलं. लूमच्या खडखडाटात हसणं ऐकू येत नाही, नुसते दात दिसतात. काकी तशीच मागे फिरली. नाक्यावर येऊन काचेपुढे उभी राहिली. तिनं स्वतःला बघितलं, तिच्याकडे बघणाऱ्यांना बघितलं, आणि घरी येऊन दाराला आतून कडी लावली. दुसऱ्या दिवसापासून कामावर जाणं बंद.

मी कडी वाजवत राहिले. "काकी, उघड. मी फोटो काढायला लावते."

"एक काढशील," ती आतून म्हणाली. "बाकीचे?"

"बाकीचे कुठले?"

"तितं लिवलंय, तितल्या एका पोरीनं वाचून दाखिवलं मला. मंडळातल्या लोकांनी सगले फोटो घरी न्हेलेत. आल्बम केलेत. आता कोनाकोनाच्या घरात मी बसलीय, मला काय ठावं?"

हे मी वाचलंच नव्हतं. पाटीच्या तळाशी बारीक अक्षरांत होतं: सहलीच्या आठवणीसाठी फोटोंचे संच सभासदांना देण्यात आले आहेत.

स्टुडिओवाल्याकडे गेले. तो काउंटरमागे बसून एका नवऱ्यामुलीच्या फोटोला ब्रशनं गाल रंगवत होता. म्हणाला, "मंडळाची ऑर्डर आहे, ताई. मी माझ्या मनानं काही लावत नाही, काही काढत नाही. चिटणिसांना भेटा."

"निगेटिव्ह कुठाय?"

"ती पण त्यांनाच विचारा."

"तुमच्या आईचा असा फोटो काढला असता?"

त्यानं ब्रश खाली ठेवला. "तुम्ही पत्रकवाल्या ना? आम्ही नाक्यावर धंदा करतो ताई, आमच्या पोटावर नका येऊ."

मंडळाचे चिटणीस वकील होते. त्यांच्या ओट्यावर झोपाळा होता. त्यांनी मला बसायला सांगितलं, आतून पाणी मागवलं. त्यांची आई, पांढऱ्या लुगड्यातली एक किरकोळ म्हातारी, पाणी घेऊन आली आणि दारातच टेकून उभी राहिली. मी काय झालं ते सांगितलं. वकीलसाहेबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. हे ऐकून घेणंच मला जास्त झोंबलं, कारण ऐकून घेऊन ते म्हणाले:

"तुझी भावना मी समजू शकतो. पण ह्यात उद्देश बघ. आपल्याच नदीचा काठ आपल्याच लोकांना ओळखू येत नाही. परवा एकानं आपल्या पुलाला ठाण्याचा पूल म्हटलं! लोकांनी नदी बघावी, म्हणून हा खटाटोप. त्या फोटोत एक जिवंतपणा आहे. आणि चेहरा तरी कुठे एवढा स्पष्ट आहे?"

"मुकादमानं ओळखला."

"तो एखादा." मग त्यांनी झोपाळा पायानं थांबवला. "आणि मी वकील म्हणून विचारतो, रागावू नकोस. तुम्ही लोकांनी तीन बाजूंनी आडोसा केलात. नदीकडची बाजू उघडी कुणी ठेवली? आम्ही तर नाही ना ठेवली?"

मी पाण्याचा तांब्या तसाच ठेवून उठले. दारातली म्हातारी माझ्याकडे बघत होती. जाताना तिनं विचारलं, "पाणी का नाही घेतलंस?" मी ओट्याच्या पायऱ्या उतरून रस्त्याला लागले.

घरी येऊन मी पत्रक लिहिलं. एका बैठकीत, आतापर्यंत लिहिलेल्या सगळ्या पत्रकांत जहाल. वकिलाचं नाव, स्टुडिओवाल्याचं नाव, काळ्या चष्म्याच्या बाईच्या नवऱ्याचं नाव, सगळं. स्टेन्सिलवर कोरायच्या आधी काकीला वाचून दाखवायला नेलं. तिनं कडी काढली, कारण मी म्हटलं होतं की ह्यात त्यांची वाट लावली आहे.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "हे कितीजन वाचतील?"

"सगळी भिवंडी."

"म्हंजे ज्यांनी फोटो न्हाय बगितला त्यांना बी कलंल, फोटो हाय आनि फोटोत मी हाय." तिनं कागद माझ्या हातातून घेतला, घडी घातली आणि चुलीच्या तोंडाशी ठेवला. "तू माजीच दुसरी पाटी लावतीस गो बाय."

मी चिडले. "मग काय, गप बसायचं?"

"मी कवा म्हनलं गप बस?" बऱ्याच दिवसांनी तिच्या आवाजाला धार आलेली मी ऐकली. "त्या डब्यात काय टाकतात?"

"चिठ्ठ्या. फोटोतली जागा कुठली ते लिहून."

"आनि वाचतो कोन?"

"बक्षीस समारंभात चिटणीस वाचतात. मोठ्यानं. गेल्या साली पण वाचल्या म्हणे. लोक चुकीच्या उत्तरांना हसतात."

"त्यो वकील सोता वाचतो? माईकवर?"

"हो."

काकी चुलीपुढून उठली. "मंग तू कशाला बोंबलतीस? त्याच्याच तोंडातून काड."

पुढचे आठ-दहा दिवस मी जे केलं तितकं मन लावून मी कुठलंच काम केलेलं नाही. आमच्या चाळीत, नळावर, पलीकडच्या वस्तीत, त्या घाटावर ज्यांचं ज्यांचं कुंकू पुसलं गेलं होतं त्या सगळ्या बायकांकडे मी गेले. कागदाचे तुकडे घेऊन बसायचे. त्या सांगणार, मी लिहिणार. एकच अट: जागेचं नाव लिहायचं नाही. ज्यांना माणसं सोडून जागा बघायची आहे त्यांना जागा मिळणार नाही. बाकी वाटेल ते सांगा.

बायकांना भीती वाटेल असं मला वाटलं होतं. कसली भीती! एकीनं सांगितलं, "लिव: सात नंबर. हितं माजं पुसलं, मी सोला वर्साची व्हती." दुसरी म्हणाली, "सात नंबर. हितं माज्या बांगड्या फुटल्या, एक काच हाताला लागली, अजून वळ हाय, बगायला या." तिसरीनं आधी वकिलाच्या सात पिढ्या उद्धारल्या आणि मग म्हणाली, "यातलं थोडं लिव, सगलं नको, कागद जलंल." आणि काकीचं कुंकू पुसणारी ती म्हातारी, तिनं मला तीनदा वाचून दाखवायला लावलं, एक अक्षर बदलू दिलं नाही: "सात नंबर. तुला ठाव न्हाय तर तुज्या आयशीला इचार."

मी म्हटलं, "मावशे, हे जरा जास्त होतंय."

"त्याची आय बी तितंच व्हती. मी बगितली नं मी. त्यांच्यातल्या बायका वरच्या पायरीवर बसतात, आमी खालच्या. पानी एकच."

तिच्या चिठ्ठीनं मला खरा आनंद झाला. ओट्यावरचा तो झोपाळा मला दिसत होता. मी ती चिठ्ठी घडी घालून डब्यात टाकली आणि तिच्या मागोमाग बाकीच्या. स्टुडिओवाला आतून बघत होता. त्याला वाटलं, पोरीला थर्मास हवा आहे.

समारंभ वाचनालयाच्या हॉलमध्ये होता. आम्ही चिठ्ठ्या टाकलेल्या बायका मागे भिंतीला लागून उभ्या राहिलो. आम्हाला कुणी अडवलं नाही. चिठ्ठी टाकणाऱ्या प्रत्येकाला आमंत्रण, असं पाटीवरच होतं. काकी आली नाही. येणार नाही म्हणालीच होती. "मला येऊन सांग," म्हणाली, "त्याचं तोंड कसं झालं ते."

आता सांगते, म्हणजे तुम्हालाही कळेल.

आधी पुलाच्या, माडाच्या चिठ्ठ्या झाल्या. वकीलसाहेब रंगात होते. "ह्या सद्गृहस्थांनी बैलांवरून ठिकाण ओळखलंय! बैलांना विचारलं की काय?" हॉल हसला. पहिल्या रांगेत काळ्या चष्म्याची बाई होती, दिव्याखाली चष्मा नव्हता म्हणून मला ओळखायला वेळ लागला. तिच्या शेजारी वकिलांची आई, पांढरं लुगडं, मांडीवर हात.

"आता सात नंबर," वकील म्हणाले. "ह्या फोटोला सगळ्यात जास्त प्रतिसाद आलाय. बघू या." आणि वाचलं: "सात नंबर. हितं माजं..."

ते थांबले. मनातल्या मनात पुढचं वाचलं. चिठ्ठी खाली ठेवली आणि हसून म्हणाले, "हे अक्षर लागत नाहीये." माझं अक्षर होतं. वळणदार. शाळेत बक्षीस मिळालेलं.

दुसरी उघडली. "सात नंबर. हितं माज्या बांगड्या..." परत थांबले. मागून कुणीतरी ओरडलं, "वाचा की साहेब, मोठ्यानं!" ते आमच्या गटातलं कुणी नव्हतं. लोकांना वाटत होतं की काहीतरी गंमत आहे आणि आपल्याला सांगत नाहीत. वकिलांनी तिसरी घाईघाईनं उघडली, बहुधा ही तरी नीट असेल म्हणून, आणि माइकमध्ये वाचून मोकळे झाले: "सात नंबर. तुला ठाव न्हाय तर तुज्या आयशीला इचार."

हॉल हसला. पोट धरून हसला. मग पुढच्या रांगेतलं हसणं बंद झालं, कारण म्हातारी उठून उभी राहिली होती. तिला उभं राहायला खुर्चीचा हात धरावा लागला. मागेपर्यंत एकेक रांग गप्प झाली.

"मला विचार," ती म्हणाली. माइक नव्हता तरी शेवटपर्यंत ऐकू आलं. "तिथेच पुसलंन माझं. तू कडेवर होतास. पुढची वाच."

"आई, तू बस."

"मघाची दोन अर्धी सोडलीस, ती पण पुरी कर."

त्यांनी वाचल्या. सगळ्या वाचल्या. बायकांनी जशा सांगितल्या तशा, आमच्या बोलीत, त्यांच्या वकिली तोंडातून. मध्येच पाणी प्यायले. घाम पुसला. माझं पुसलं, माझ्या आईचं पुसलं, माझ्या सुनेचं पुसलं आणि ती आठ दिवसांत गेली. काचेआड काकी जशी सगळ्यांपुढे बसलेली होती तसे आता हे उभे होते, आणि सगळा हॉल त्यांच्याकडे बघत होता, आणि त्यांना कुठल्या बाजूला आडोसा नव्हता. मी डोळे भरून बघून घेतलं. मला दया आली नाही. म्हातारीला त्रास झाला, हे मला माहीत आहे. तिला त्रास द्यायचा माझा हेतू नव्हता. तिच्या मुलाला द्यायचा होता, आणि तो झाला, आणि मी त्याबद्दल कुणाची माफी मागणार नाही.

थर्मास कुणालाच मिळाला नाही. टेबलावरच राहिला.

दुसऱ्या दिवशी काचेतून सात नंबर गेला. वकिलांनी गडी पाठवून तो मोठा फोटो आमच्याकडे पोचता केला, वर्तमानपत्रात गुंडाळून. त्याबरोबर त्यांचा स्वतःचा आल्बमातला फोटोही, चार कोपरे उचकटलेला. निगेटिव्ह सापडत नाही, असा निरोप. मी स्टुडिओत जाऊन उभी राहिले, निगेटिव्ह मिळेपर्यंत उभी राहिले, गिऱ्हाइकं यायची आणि मी त्यांना सांगायची की मी इथे का उभी आहे. संध्याकाळच्या आत निगेटिव्ह सापडली.

काकीनं तिन्ही वस्तू चुलीत घातल्या. निगेटिव्हचा वास फार वाईट येतो. "तोंड कसं झालं, परत दाव," ती म्हणाली. मी नक्कल करून दाखवली. ती हसली, मोठ्यानं हसली, पदर तोंडात घालून हसली. मग म्हणाली, "बाकीचे?"

बाकीच्यांसाठी मी दारोदार गेले. काही जणांनी मुकाट्यानं आल्बम उघडून काढून दिला. एका घरी सांगितलं, आमच्याकडे नव्हताच. एका घरी सांगितलं, होता, पण मुलगी सासरी घेऊन गेली. काळ्या चष्म्याच्या बाईनं आल्बम आणून दाखवला, सातवा फोटो तिनं बोटानं झाकून धरला आणि म्हणाली, "ह्याच पानाच्या मागं आमचा फॅमिली फोटो आहे गं, तो फाटेल. राहू दे ना. आम्ही काय कुणाला दाखवतोय?" मी हात पुढे केला तर तिनं आल्बम मिटला.

घाटावरची रीत आता बदलली आहे. गेल्या पावसाळ्याच्या आधी चाळीतल्या एकीच्या नवऱ्याचा दहावा होता, तेव्हा दोघी जणी कमरेइतक्या पाण्यात उतरल्या आणि नदीकडूनही लुगडं धरलं. बसणारीला पाणी दिसलं नाही. म्हातारी कुरकुरली, पण तिनं "काढा" म्हटलं नाही. आणि वर बसलेल्या पुरुषांना मी आधीच सांगितलं होतं की भोंगा ऐकू आला तर वळा, उठा, आणि हातात दगड घ्या. बाप मान हलवून हो म्हणाला.

काकीनं दुसरं खातं धरलं आहे. नाक्यावरून जात नाही, लांबच्या वाटेनं जाते. रस्त्यात कुणी चांगल्या घरची बाई तिच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली की घरी येऊन मला विचारते, "हिच्या घरात असंल का गो?" मला सांगता येत नाही. काकाचं वर्षश्राद्ध जवळ आलं आहे. नदीवर जाणार नाही म्हणते. सगळे फोटो आल्याशिवाय त्या पाण्यापुढे बसणार नाही. तिचा हट्ट नाही हा. तुमच्या घरात ती अजून तशीच बसली आहे, अर्ध्या कुंकवानं, आणि तिला उठता येत नाही.

म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही त्या लाँचवर होतात, किंवा तुमचे आईबाप होते, किंवा लग्नात तो आल्बम तुमच्या वाट्याला आला. तो आज काढा. सातवा फोटो शोधा. त्याच्या मागच्या बाजूला तुमचा फॅमिली फोटो असला तर तो फाटू दे. टपालानं पाठवू नका, गड्याच्या हातानं पाठवू नका, स्वतः जाळून मला "जाळला" असं सांगू नका, मी विश्वास ठेवणार नाही. कामतघरला या, दिवसाउजेडी या, चाळीत कुणालाही विचारा, दार दाखवतील. काकीच्या हातात तो फोटो द्या, तिच्या तोंडाकडे बघून द्या, आणि ती चूल पेटवून तो आत घालेपर्यंत तिथून हलू नका.